जेल की व्हार्निश: इनॅमलमध्ये फ्लोराइड नक्की किती मुरतं आणि मोजायचं कसं?

प्रीमोलर_विंडो (प्रश्न)

काढलेल्या निरोगी प्रीमोलरवर (उपदाढेवर) जेल आणि व्हार्निशची तुलना चालू आहे. गालाकडच्या बाजूला ४ × ४ मिमीची विंडो मोकळी ठेवून बाकीचा दात नेलपॉलिशने झाकलाय. एका गटाला १.२३ टक्के एपीएफ (आम्लधर्मी फॉस्फेट-फ्लोराइड) जेल ४ मिनिटं. दुसऱ्या गटाला ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश लावून २४ तास कृत्रिम लाळेत, मग ब्लेडने खरवडून ॲसिटोनने पुसलं. त्यानंतर दोन्ही गट एक दिवस भरपूर डीआयोनाइज्ड पाण्यात, म्हणजे वरवरचं सगळं निघून जावं. पुढे ०.५ मोलर परक्लोरिक आम्लाने ३०-३० सेकंदांचे थर काढायचे आणि फ्लोराइड इलेक्ट्रोडवर मोजायचं.

अडचण अशी की व्हार्निशच्या गटात एकाच दिवशी, एकाच हाताने केलेल्या दातांत चार-पाच पट फरक येतोय. जेलच्या गटात पहिला थर कंट्रोलपेक्षा (काही न लावलेल्या इनॅमलपेक्षा) थोडासाच वर आणि दुसरा थर जवळजवळ कंट्रोलइतकाच. म्हणजे १२,३०० पीपीएमचं जेल लावून उपयोग काहीच नाही असा अर्थ काढायचा का?

शिवाय विभागात यावरून वाद चालू आहेत: लावण्याआधी प्युमिसने (घासायच्या बारीक भुकटीने) पॉलिश करायलाच हवं का, १ मिनिट पुरतं की ४ लागतात, आणि ज्याचा अपटेक (इनॅमलमध्ये मुरणारं फ्लोराइड) जास्त तेच उत्पादन क्लिनिकमध्ये वापरावं हे कितपत बरोबर?

---

अपॅटाइट

अर्थ तसा काढू नका. जे मोजायला हवं होतं तेच तुम्ही मोजण्याआधी धुऊन टाकलंय.

लावलेलं फ्लोराइड इनॅमलमध्ये दोन रूपांत राहतं. एक घट्ट: इनॅमलचं मुख्य खनिज असलेल्या हायड्रॉक्सीॲपॅटाइटच्या स्फटिकात हायड्रॉक्सिलच्या जागी जाऊन बसलेलं. दुसरं सैल: पृष्ठभागावर आणि वरच्या छिद्रांत कॅल्शियम फ्लोराइडसारख्या बारीक गोलकांच्या रूपात साचलेलं. जेल किंवा व्हार्निशसारख्या दाट फ्लोराइडमधून एका बैठकीत जे मिळतं ते बहुतांश दुसऱ्या प्रकारचं. आम्लात इनॅमलचा किंचित थर विरघळतो, कॅल्शियम मोकळं होतं, आजूबाजूला फ्लोराइड भरपूर असल्याने कॅल्शियम फ्लोराइड तयार होऊन तिथेच बसतं. फ्लोराइड सुमारे १०० पीपीएमच्या खाली असेल तर हे फारसं होत नाही. दाट असेल आणि पीएच कमी असेल तर झपाट्याने होतं.

स्फटिकात घुसण्याचं काम मात्र संथ आहे. निरोगी इनॅमलच्या अगदी बाहेरच्या काही मायक्रॉनमध्ये साधारण १,००० ते २,००० पीपीएम फ्लोराइड असतं आणि आत जाल तसं झरझर उतरत शंभराच्या आसपास किंवा त्याहून खाली येतं. शुद्ध फ्लोरॲपॅटाइटमध्ये (हायड्रॉक्सिलच्या सगळ्या जागा फ्लोराइडने घेतलेल्या खनिजात) ३.७७ टक्के, म्हणजे ३७,७०० पीपीएम फ्लोराइड असतं. त्या हिशेबाने बाहेरच्या थरातही शंभरातल्या तीन ते पाच जागाच फ्लोराइडने घेतलेल्या असतात. चार मिनिटांच्या जेलने हे चित्र पालटेल अशी अपेक्षाच चुकीची.

'इनॅमलचं फ्लोरॲपॅटाइट झालं की दात किडत नाही' हे वाक्य अजूनही वर्गात सांगितलं जातं. शार्कच्या दाताचं बाहेरचं कवच जवळजवळ फ्लोरॲपॅटाइटच असतं. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शार्कच्या इनॅमलचे तुकडे माणसाच्या तोंडात प्लाकखाली (दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या थराखाली) ठेवले, तर त्यांच्यातही किडीची सुरुवात झाली. म्हणजे स्फटिकात बांधलेलं फ्लोराइड एकटं पुरत नाही. आम्लाचा हल्ला चालू असताना स्फटिकाभोवतीच्या द्रवात मोकळं फ्लोराइड हवं, भले ते एक पीपीएमच्याही खाली असो. ते असलं की विरघळणं मंदावतं आणि पीएच वर येताना खनिज पुन्हा बसायला वेग येतो.

ते मोकळं फ्लोराइड पुरवतं कोण? तेच सैल कॅल्शियम फ्लोराइड. तोंडात त्याच्या गोलकांवर लाळेतल्या फॉस्फेटचा आणि प्रथिनांचा लेप बसतो, म्हणून ते आठवडे, कधी महिनेही टिकतं. प्लाकमधला पीएच ५ च्या आसपास उतरला की लेपातलं फॉस्फेट सुटतं आणि फ्लोराइड बाहेर पडतं. तुमच्या दातांना तो लेप मिळालाच नाही. नुसतं कॅल्शियम फ्लोराइड लिटरभर पाण्यात सुमारे १६ मिग्रॅ विरघळतं. मायक्रोग्रॅमच्या हिशेबातला साठा एक दिवस भरपूर डीआयोनाइज्ड पाण्यात ठेवला तर उरणार काय?

---

उणे_५९

वरच्या उत्तराला जोडून मोजणीबद्दल. सैल आणि घट्ट फ्लोराइड वेगवेगळं मोजल्याशिवाय जेल-व्हार्निश तुलनेला अर्थ नाही. आधी अल्कलीने सैल काढा, मग त्याच विंडोवर आम्लाने थर काढा.

अल्कलीचा भाग: विंडो १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये २४ तास, खोलीच्या तापमानाला, हलक्या शेकिंगवर. यात कॅल्शियम फ्लोराइड निघून येतं, ॲपॅटाइटला धक्का लागत नाही. अर्क १ मिली असेल तर त्यात १ मिली १ मोलर नायट्रिक आम्ल घालून उदासीन करा, मग २ मिली टीसॅब (पीएच आणि आयनांचं प्रमाण सारखं राखणारं बफर द्रावण). उदासीन करणं टाळता येत नाही, कारण इलेक्ट्रोडचा लँथॅनम फ्लोराइड स्फटिक हायड्रॉक्सिललाही दाद देतो आणि फ्लोराइड आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. टीसॅब घातल्यावर पीएच ५ ते ५.५ आहे ना, हे पहिल्या काही नमुन्यांत पट्टीने तरी बघून घ्या. पीएच फार खाली गेला तर उलट घोळ: फ्लोराइड एचएफच्या (हायड्रोजन फ्लोराइडच्या) रूपात जातं आणि इलेक्ट्रोडला दिसतच नाही. स्टँडर्डही याच मिश्रणात बनवा, नुसत्या पाण्यात नको. अर्क चौपट पातळ झालाय हे गणितात विसरू नका. उत्तर मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंमीमध्ये द्या. या भागाला पीपीएम लावण्यात अर्थ नाही, कारण भागायला वजनच नसतं.

आम्लाच्या भागात प्रत्येक थराचं कॅल्शियमही मोजताय का? प्रश्नात उल्लेख नाही. ते नसेल तर खोली कळत नाही, आणि खोली कळली नाही तर आकड्याला किंमत नाही. समजा एका थरात ९० मायक्रोग्रॅम कॅल्शियम आणि ०.४८ मायक्रोग्रॅम फ्लोराइड मिळालं. इनॅमलमध्ये कॅल्शियम ३७.४ टक्के धरतात, म्हणजे २४१ मायक्रोग्रॅम इनॅमल विरघळलं. घनता २.९५ आणि विंडो ०.१६ चौरस सेंमी घेतली की खोली ५.१ मायक्रॉन येते आणि फ्लोराइड साधारण १,९९० पीपीएम. आता नेलपॉलिशची कड थोडी सुटून विंडो ४.४ × ४.४ मिमी झाली, तर तीच खोली ४.२ मायक्रॉन. पीपीएम बदलत नाही, पण वरच्या दहा मायक्रॉनमध्ये फ्लोराइडचा उतार इतका तीव्र असतो की ४ मायक्रॉनचा थर आणि ७ मायक्रॉनचा थर शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत ठरलेली. कॅल्शियम फ्लोराइडचा लेप असलेल्या दातात तेवढ्याच ३० सेकंदांत आम्ल कमी खोल जातं, म्हणून सेकंद सारखे ठेवून खोली सारखी होत नाही. दोन-तीन थर काढून प्रत्येक दाताचा उतार काढा आणि एका ठरावीक खोलीची किंमत त्यावरून घ्या.

व्हार्निशमधला चार-पाच पट फरक जवळजवळ नक्की व्हार्निशच्या राळेत (चिकट आधारद्रव्यात) उरलेल्या कणांमुळे आहे. या व्हार्निशमध्ये सोडियम फ्लोराइड विरघळलेलं नसतं, बारीक पुडीच्या रूपात तरंगत असतं. सोडियम फ्लोराइडमध्ये ४५ टक्के फ्लोराइड. विंडोच्या कडेला, नेलपॉलिश आणि इनॅमलच्या सांध्यात, एक मायक्रोग्रॅमचा कण अडकला तर ०.४५ मायक्रोग्रॅम फ्लोराइड आलं. वरच्या उदाहरणातला अख्खा थर एवढाच होता! डोळ्यांना काही दिसत नाही. शिवाय ॲसिटोन नेलपॉलिशलाही विरघळवतो, त्यामुळे कड सरकते आणि राळ त्याखाली जाते. झाकायला आम्ल आणि ॲसिटोन दोन्ही सोसणारा चिकट मेण वापरा, किंवा व्हार्निश काढून झाल्यावरच विंडो आखा. खरवडायला पात्याची बोथट बाजू, मग ॲसिटोनचे दोन-तीन वेगवेगळे बोळे, तोच बोळा फिरवत राहायचं नाही. शेवटी थोड्याशा पाण्याने मिनिटभर धुवा. सोडियम फ्लोराइड पाण्यात चटकन जातं, कॅल्शियम फ्लोराइड एवढ्या वेळात फारसं हलत नाही. सगळं प्लास्टिकच्या भांड्यांत; आम्लातलं फ्लोराइड काचेला खातं.

---

कॉटनरोल

क्लिनिकच्या प्रश्नांची उत्तरं देतो.

प्युमिस: फ्लोराइड लावण्यासाठी म्हणून गरज नाही. प्लाकमधून फ्लोराइड जातं, आणि पॉलिश केलेल्या व न केलेल्या मुलांत कीड रोखण्याच्या बाबतीत फरक दिसलेला नाही. उलट रबर कप आणि प्युमिसने बाहेरचे काही मायक्रॉन घासले जातात, म्हणजे सगळ्यात जास्त फ्लोराइड असलेला भाग आपणच काढतो. ब्रशने दात स्वच्छ करून घेतले की पुरे. दातांवर साचलेला दगड (कीटण) किंवा जाड डाग असतील तर ते काढायचं कारण वेगळं.

वेळ: जेल ४ मिनिटं. पहिल्या मिनिटात बराच अपटेक होतो हे खरं, आणि त्याच जोरावर '१ मिनिट' अशी जाहिरात चालते. पण कीड कमी होते हे दाखवणारे अभ्यास ४ मिनिटांचे आहेत. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१३ च्या शिफारशीतही १ मिनिटाच्या वापराला पाठिंबा नाही. तीच शिफारस सहा वर्षांखालच्या मुलांना फक्त २.२६ टक्के फ्लोराइडचं व्हार्निश सांगते, म्हणजे आपलं ५ टक्के सोडियम फ्लोराइडचंच. जोखीम असलेल्यांना दर ३ ते ६ महिन्यांनी.

लहान मुलांना जेल का नाही, याचा हिशेब समोर ठेवा. जेलच्या प्रत्येक मिलीत १२.३ मिग्रॅ फ्लोराइड. दोन ट्रेमध्ये मिळून ५ मिली भरलं तर ६१.५ मिग्रॅ. तातडीने उपचार लागावेत अशी मात्रा किलोमागे ५ मिग्रॅ धरतात. १२ किलोच्या मुलाला ६० मिग्रॅ झाले! सगळं गिळेल असं नाही, पण अंतर किती कमी आहे ते दिसतं. व्हार्निशचा ०.२५ मिलीचा डोस म्हणजे ५.६५ मिग्रॅ, तोही राळेत अडकलेला, तासन्‌तास थोडा थोडा सुटणारा. जेल चुकून जास्त गिळलं गेलं तर लगेच दूध द्यायचं, कॅल्शियम फ्लोराइडला बांधतं, आणि थेट रुग्णालय.

मोठ्यांना जेल लावताना: ताठ बसवा, मान मागे नको. ट्रेचा साधारण तिसरा हिस्सा भरा; काठोकाठ भरला की जादाचं जेल घशाकडेच जातं. दात हवेने कोरडे करा, ट्रे दाबून बसवा, सक्शन चालू ठेवा, नजर रुग्णावर ठेवा. चार मिनिटांनी ट्रे काढून जादा जेल पुसा आणि अर्धा ते एक मिनिट चांगलं थुंकायला लावा. चूळ भरायची नाही, पुढचा अर्धा तास खाणं-पिणं नाही.

पोर्सिलेनचे क्राउन, व्हिनियर किंवा मोठी कंपोझिट असतील तर एपीएफ टाळा. आम्ल आणि फ्लोराइड मिळून तयार होणारं एचएफ काच खातं: चकाकी जाते, खरखरीत पृष्ठभागावर डाग धरतात. तिथे उदासीन पीएचचं २ टक्के सोडियम फ्लोराइड किंवा व्हार्निश. ८ टक्के स्टॅनस फ्लोराइड आता मागे पडलंय: द्रावण टिकत नाही, दर वेळी ताजं करावं लागतं, चव वाईट आणि किडलेल्या जागी तपकिरी डाग.

व्हार्निशबाबत एक गोष्ट फार कमी जण करतात: लावण्याआधी डोस तळापासून नीट ढवळा. फ्लोराइडची पुडी खाली बसते. ट्यूबमधून वरवरचं पिळून घेतलं तर पहिल्या रुग्णाला जवळपास नुसती राळ आणि शेवटच्याला दुपटीने फ्लोराइड असंही होऊ शकतं. लॅबच्या नमुन्यांनाही हे लागू. (एकाच दिवशी दिसलेला फरक तिथूनही येत असेल.) दात गॉजने पुसून पातळ थर द्या. लाळ लागली की ते घट्ट होतं, त्यामुळे अगदी कोरडं करण्याचा आटापिटा नको. जाड गोळे टिकत नाहीत, जिभेने निघतात. नंतर ४ तास गरम पेय आणि कडक खाणं नको, ब्रश दुसऱ्या दिवशी. राळेची ॲलर्जी असेल किंवा हिरड्यांना व्रण असतील तर लावू नका.

---

प्रीमोलर_विंडो

मनापासून आभार. कॅल्शियम मोजतोय, लिहायचं राहिलं. दोन शंका उरल्या. सैल कॅल्शियम फ्लोराइडच कामाचं असेल तर जेल आणखी आम्लधर्मी करून ते जास्त का बनवत नाहीत? आणि निरोगी इनॅमलऐवजी पांढऱ्या डागांवर हाच प्रयोग केला तर?

---

अपॅटाइट

पहिल्या शंकेत गंमत आहे. एपीएफमधलं फॉस्फेट मुळात कॅल्शियम फ्लोराइड *कमी* बनावं म्हणून घातलेलं आहे! १९६३ च्या सुमारास ब्रुडेव्होल्ड आणि सहकाऱ्यांनी ते मांडलं तेव्हा कॅल्शियम फ्लोराइड म्हणजे वाया गेलेलं फ्लोराइड अशी समजूत होती. आम्लामुळे फ्लोराइड लवकर आत जावं, आणि फॉस्फेटमुळे इनॅमल विरघळणं मागे रेटलं जावं, असा विचार. ३.५ पीएचला साधारण एक तृतीयांश फ्लोराइड एचएफच्या रूपात असतं. त्यावर भार नसल्याने ते छिद्रांतून सहज सरकतं. पीएच आणखी उतरवला तर कॅल्शियम फ्लोराइड वाढेल, पण त्यासाठी कॅल्शियम येणार इनॅमलमधूनच. शिवाय चव, हिरड्यांची जळजळ आणि पोर्सिलेन आहेतच. एका मर्यादेनंतर साठा वाढूनही फायदा त्या प्रमाणात वाढत नाही. साठ्यातले वरचे जादा गोलक पहिल्या एक-दोन दिवसांतच लाळेबरोबर जातात.

पांढऱ्या डागांवर आकडे वेगळेच येतील. तिथला पृष्ठभाग सच्छिद्र, आतलं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे निरोगी इनॅमलपेक्षा फ्लोराइड कितीतरी जास्त आणि जास्त खोल जातं. खरा उपयोगही तिथेच आहे. मात्र समोरच्या दातांवरच्या डागावर, म्हणजे ब्रेसेस काढल्यावर दिसतात तसे, लगेच दाट फ्लोराइड ओतण्याच्या बाजूचा मी नाही. वरचा थर खनिजाने बंद होतो, खालचा भाग तसाच राहतो, कीड थांबते पण पांढरा डाग कायमचा. अशा ठिकाणी रोजची साधी फ्लोराइड पेस्ट आणि लाळ यांना आधी काही महिने द्यावेत. मागच्या दाढांवर दिसण्याचा प्रश्न नाही, तिथे व्हार्निश खुशाल लावा.

'ज्याचा अपटेक जास्त ते चांगलं' हे दोन वेगळ्या जातीच्या उत्पादनांना लागू होत नाही. एकाच जातीत मात्र अपटेक उपयोगी पडतो, फ्लोराइड खरंच मोकळं आहे का ते कळतं. कॅल्शियम कार्बोनेटच्या पेस्टमध्ये सोडियम फ्लोराइड घातलं तर ते डब्यातच कॅल्शियमशी बांधलं जातं, लेबलवर आकडा बरोबर आणि इनॅमलला काहीच नाही. म्हणून तसल्या पेस्टमध्ये मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात.

---

उणे_५९

पांढरे डाग घेणार असाल तर गणित थोडं बदला. डागाची घनता आणि कॅल्शियमचं प्रमाण निरोगी इनॅमलइतकं नसतं, त्यामुळे २.९५ वापरून काढलेली खोली खरीपेक्षा कमी येते. निष्कर्षात खोलीऐवजी विरघळलेलं कॅल्शियम लिहिणं जास्त प्रामाणिक.

कंट्रोल दुसऱ्या दाताचा घेऊ नका. नैसर्गिक फ्लोराइड दातागणिक बदलतं, आणि एकाच दातावर टोकाकडे वेगळं, हिरडीकडे वेगळं असतं. प्रीमोलर उभा कापून डावा-उजवा असे दोन अर्धे करा, एक कंट्रोल, एक उपचाराचा, आणि दोन्हींवर विंडो सारख्याच उंचीला. दात काढल्यापासून कापेपर्यंत ०.१ टक्के थायमॉलमध्ये, फ्लोराइड नसलेल्या पाण्यात. उपचारानंतर नमुने डीआयोनाइज्ड पाण्यात न ठेवता लगेच अर्क काढा. टिकाऊपणा बघायचा असेल तर कृत्रिम लाळेत १, ७ आणि २८ दिवसांचे वेगळे गट करा आणि लाळ रोज बदला, नाहीतर सुटलेलं फ्लोराइड त्याच बाटलीत साचून पुन्हा बसतं.

इलेक्ट्रोडचा उतार रोज सकाळी तपासा. २५ अंशांना फ्लोराइडच्या दहापटीला ५७ ते ५९ मिलिव्होल्ट आला तर ठीक, ५४ च्या खाली गेला तर स्फटिक साफ करा किंवा आतलं द्रावण बदला. कंट्रोलचे पातळ नमुने आधी, उपचाराचे नंतर. दाट नमुन्यानंतर लगेच ०.०५ पीपीएमचा नमुना लावला तर आकडा बराच वेळ खाली घसरत राहतो आणि घाईत तो जास्त नोंदवला जातो. पातळ नमुन्याला पाच मिनिटं तरी द्या, आणि सगळ्या बीकरमध्ये ढवळण्याचा वेग एकच ठेवा.